रिकामी फेरी

आलेख पडद्यावर उमटला तेव्हा खोलीतली सगळी माणसं उभी राहिली. हेरंब केळुसकर तेवढे बसून राहिले. कुणाला त्याचं काही वाटलं नाही. गेल्या चौदा महिन्यांत ते बहुतेक ठिकाणी बसूनच असत.

सोमवारचे साडेअकरा झाले होते. चंद्राच्या दूरपृष्ठावर, म्हणजे पृथ्वीला कधीच न दिसणाऱ्या बाजूला, त्यांची अँटेना अकरा आठवड्यांपासून उभी होती. केळुसकरांनी अशा दोन अँटेना बनवल्या होत्या, अगदी एकसारख्या. एकीचं नाव थोरली, दुसरीचं धाकटी. थोरली चंद्रावर गेली. धाकटी पेटीत राहिली. थोरलीने अकरा आठवडे ऐकलेलं आकाश एकत्र करून आज पहिल्यांदा एका रेषेत मांडलं होतं. रेषा सपाट जात होती आणि पंचाहत्तर मेगाहर्ट्झला खाली बसली होती.

“घळ आहे,” डॉ. रेहाना मुजावर म्हणाल्या. त्या प्रकल्पाच्या प्रमुख. बावीस वर्षं त्यांनी या घळीची वाट पाहिली होती. “ओजस, घळच आहे ना रे ही?”

“घळच आहे मॅडम.” ओजस गावित आकडेवारी सांभाळायचा. नंदुरबारकडचा, मोजकं बोलणारा. आज त्याचा आवाज चिरकला होता. “तीन वेगळ्या पद्धतींनी काढली. तीनदा तिथेच येतेय.”

प्रसिद्धी विभागातून एक मुलगी आली होती. तिला शुक्रवारी निवेदन द्यायचं होतं. “मला लोकांना समजेल असं सांगा मॅडम. घळ म्हणजे नेमकं काय?”

“सुरुवातीला विश्वात नुसता अंधार होता,” रेहाना म्हणाल्या. “अंधार आणि हायड्रोजन वायू. मग पहिले तारे पेटले. ते पेटले तेव्हा त्या वायूने एका ठरावीक वारंवारतेच्या लहरी थोड्या गिळल्या. तेवढ्या लहरी कमी पडल्या, तिथे रेषेत खळगा झाला. त्या काळाला आम्ही पूर्वप्रभा म्हणतो. हा खळगा म्हणजे तिची खूण.”

“मग इतकी वर्षं का नाही सापडला?”

“कारण आपल्या आकाशगंगेचा गोंगाट त्याच्या दहा हजार पट मोठा आहे. जत्रेत सगळे ओरडतायत आणि त्यात एक माणूस क्षणभर गप्प बसला, ते ओळखायचं. त्यासाठी आधी आपला कान कसा आहे ते माहीत लागतं. कुठला सूर त्याला जास्त ऐकू येतो, कुठला कमी. त्याचा आम्ही तक्ता करतो, प्रतिसाद-तक्ता. अँटेनाने जे ऐकलं त्याला तक्त्याने भागायचं. उरेल ते आकाश. हा तक्ता कुंदाने केलाय. कुंदा केळुसकर.” त्यांनी केळुसकरांकडे, कुंदाच्या नवऱ्याकडे, पाहिलं. “आणि आता सगळ्यांसमोर सांगते. या खुणेला आपण ‘कुंदा घळ’ म्हणणार आहोत. आकाशात दुसऱ्या कुणाचं नाव द्यायचं असेल त्यांनी द्यावं. मी हे देणार.”

टाळ्या पडल्या. केळुसकरांनी हात जोडले. असं कुणी काही बोललं की ते हात जोडत. त्यांच्या डोळ्यांसमोर मात्र आकडा होता. पंचाहत्तर मेगाहर्ट्झ. म्हणजे चार मीटर लांबीची लहर. चारला शून्य पूर्णांक अडतीसने गुणलं की एक पूर्णांक बावन्न.

एकशे बावन्न सेंटिमीटर. कुंदाचा रुग्णालयाचा अर्ज त्यांनीच भरला होता. उंची या रकान्यात त्यांनी हाच आकडा लिहिला होता.

*

तक्ता करायचं काम कुसवड्याच्या माळावर चाले. तिथे मोबाइलचा मनोरा नाही, वीज नाही, पाऊसही नावापुरता. अँटेना मधोमध, खाली धातूची मोठी जाळी. आकाशातून एक उडता उगम, म्हणजे लहरी सोडणारा ड्रोन, फिरवायचा. त्याच्यातून किती ताकदीच्या लहरी निघतात ते आधीच माहीत, त्यामुळे अँटेनाने त्यातल्या किती पकडल्या ते मोजता येई. अँटेनापासून बारा मीटरवर तिचा जोड आलटून-पालटून बदलणारा एक बदल-डबा होता. दर आठ मिनिटांनी त्याची कळ फिरवावी लागे. आधी ती मोटरने फिरायची, पण मोटर स्वतःच कुरकुरायची आणि ती कुरकुर मापात यायची. कुंदाने मोटर काढून टाकली. “मी फिरवते हाताने,” म्हणाली. “माणूस कुरकुरत नाही.”

“तू सोडून,” केळुसकर म्हणाले होते.

कळ खांद्याच्या उंचीवर होती, त्यामुळे उभं राहावं लागे. तापलेल्या जाळीवर पाय भाजत म्हणून केळुसकरांनी एक पाट करून दिला. सागवानी, खाचेत खाच बसवलेला. एकही खिळा नाही, कारण अँटेनाजवळ धातू नको. मोजणीच्या प्रत्येक फेरीआधी कुंदा बांगड्या काढे, मंगळसूत्र काढे, केसांच्या पिना, चष्मा, सगळं काढून एका प्लास्टिकच्या डब्यात घालून केळुसकरांकडे देई. ते डबा घेऊन दोनशे मीटरवर, झाडाखाली मापनयंत्राशी बसत. कुडत्याला हूक नको म्हणून तिने कापडी गुंड्या लावून घेतल्या होत्या. सलवारीला नाडी. मधे एकदा ती नाडी बांधता बांधता म्हणाली, “ही पुरेनाशी झालीय बघ. बिराच्या बायकोच्या भाकरी अंगी लागल्या माझ्या.” बिरा कोकरे हा तिथला राखणदार. त्याची बायको दर फेरीला पिठलं-भाकरी पाठवायची. केळुसकर हसले होते. म्हणाले होते, “बरंय की. वाऱ्याने उडून तरी जाणार नाहीस.”

दर दहा दिवसांनी एक फेरी. तेरा महिन्यांत एकेचाळीस झाल्या.

इतका धातू टाळला, पण माणूस तसाच उभा राहिला. माणूस म्हणजे मीठपाणी. मीठपाण्यातून वीज वाहते. म्हणजे उभा माणूस हीसुद्धा एक अँटेनाच, वाईट पण अँटेना. त्याची उंची जिच्या शून्य पूर्णांक अडतीस पट भरते ती लहर तो सगळ्यांत जास्त पकडतो आणि तिच्यातली थोडी परत फेकतो.

हे कुंदाला माहीत होतं. तिच्याच नियमावलीत सतरावी ओळ होती: ‘रिकामी फेरी. पाटावर माणूस नसताना एकदा मोजावे. कळ नायलॉनच्या दोरीने दुरून ओढावी. येणारा फरक तक्त्यातून वजा करावा.’ दोरी वाऱ्यात अडकायची, चारचार तास जायचे. म्हणून ही फेरी शेवटी, एकदाच करायची होती.

शेवट आला तेव्हा ती रुग्णालयात होती.

अंडाशयाचा कर्करोग. डॉक्टर म्हणाले, “सहा महिने आधी आला असता तर गोष्ट वेगळी होती.” केळुसकरांनी विचारलं, “आधी कळायला काही मार्ग होता का?” डॉक्टरांनी मान हलवली. “या आजारात सहसा नसतो. पोट फुगल्यासारखं वाटतं, गॅस वाटतो. बायका ओवा खातात आणि कामाला लागतात.”

कुंदा जूनमध्ये गेली. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला केळुसकरांनी एकच वाक्य सांगितलं: कळायला मार्ग नव्हता. मेहुण्याला सांगितलं, शेजाऱ्यांना सांगितलं, रेहानांना सांगितलं. सगळ्यांनी माना डोलावल्या. माणसं गेल्यावरही ते वाक्य घरात राहिलं. सकाळी चहा ठेवताना ते मनात येई. त्यावर दिवस निघे.

तेरावं झाल्यावर चौथ्या दिवशी ते रिकाम्या फेरीसाठी माळावर गेले होते. थोरलीची पेटी भरायला पाच दिवस उरले होते. गाडी फाटकापाशी थांबवली. काचेतून पाट दिसत होता. बिराने तो पुसून जागेवर ठेवला होता. ते गाडीतून उतरले नाहीत. अर्धा तास बसले. मग नियमावलीचा कागद काढला, सतराव्या ओळीपुढे ‘झाली’ लिहिलं, फरकाच्या रकान्यात ‘नगण्य’ लिहिलं आणि गाडी वळवली.

त्यांना तेव्हा वाईट वाटलं नाही. काहीच वाटलं नव्हतं.

*

मंगळवारी सकाळी दहाला ते रेहानांच्या खोलीत गेले. रेहाना निवेदनाचा मसुदा वाचत होत्या.

“बसा केळुसकर. कुंदाचा एखादा चांगला फोटो आहे का? माळावरचा असला तर बरं.”

“आहे. पण ती घळ खोटी आहे.”

रेहानांनी चष्मा काढला. केळुसकरांनी सगळं सांगितलं. कागद, फाटक, नगण्य. जास्तीचा एक शब्द त्यात नव्हता. एखादा सुटा भाग का मोडला ते सांगावं तसं सांगितलं.

“पुन्हा सांगा,” रेहाना म्हणाल्या. “शेवटचं.”

“मोजताना ती पाटावर उभी होती. तिच्या अंगावरून पंचाहत्तरच्या आसपासच्या लहरी परत फिरून अँटेनात जात होत्या. म्हणून तक्त्यात तिथे थोडा उंचवटा आलाय. आपल्याला वाटलं तो अँटेनाचा गुण आहे. चंद्रावर ती नाही. तिथे अँटेना तेवढं कमी ऐकते. आपण त्याला उंचवट्याच्या तक्त्याने भागतो. उंचवट्याने भागलं की खळगा येणारच.”

“म्हणजे ती घळ—”

“ती तिथे नसल्याची आहे.”

रेहाना उठल्या आणि खिडकीशी गेल्या. तिथूनच ओरडल्या, “अहो, ती वस्तू चंद्रावर गेलीय! आता तिथे जाऊन काय मोजायचं? चौदा महिने तुम्ही गप्प बसलात?”

“हो.”

“हो काय हो? कालही गप्प होतात! टाळ्या वाजत होत्या तेव्हा!”

“काल आकडा बघितल्यावर कळलं. त्याआधी फरक खरंच नगण्य असेल असं वाटत होतं. म्हणजे, मी विचारच केला नव्हता.”

“शुक्रवारी मी जगापुढे तिचं नाव घेणार होते.” रेहानांचा आवाज खाली आला. “घेतलं असतं. वर्ष-दोन वर्षांनी कुणीतरी चूक काढली असती. नाव मात्र तिचं राहिलं असतं. तुम्हाला नको होतं का ते?”

केळुसकरांनी विचार केला. “हवं होतं,” ते म्हणाले. “पण तिने मला घरात घेतलं नसतं.”

रेहाना हसल्या. मग चेहरा ओढणीने पुसला. टेबलाच्या खणातून सतराव्या ओळीचा तो कागद काढून पुढे ठेवला. ‘नगण्य’च्या खाली त्यांची सही होती.

“तपासनीस म्हणून कच्चे आकडे मागायचे असतात मी. मागितले नाहीत. म्हटलं, माणसाचं सुतक आत्ता कुठे फिटलंय, त्याला आकडे काय विचारायचे. न बघता सही केली.” त्यांनी कागद उलटा केला. “धाकटी चालते का?”

“चालते.”

“मग काढा बाहेर. निवेदनाचं मी बघते.”

*

धाकटी माळावर उभी करायला दोन दिवस लागले. गुरुवारी दुपारी केळुसकर, ओजस आणि बिरा यांनी जाळीच्या खुणा जुळवल्या. बदल-डबा जुन्याच जागी बसवला. पाट बिराच्या घरून आला.

“घरात नेऊन ठिवला हुता सायेब,” बिरा म्हणाला. “हितं शेरडं चढत्यात त्येच्यावर.”

“बसायला वापरलास का?”

“छ्या! बाईंचा हाय त्यो.”

रिकामी फेरी ओजसने चालवली. दोरी दोनदा अडकली. केळुसकर झाडाखाली बसून पाटाकडे बघत राहिले. आठ मिनिटं, कळ, आठ मिनिटं, कळ. बघायला वाटलं होतं तितकं अवघड नव्हतं. पाट होता आणि त्यावर कुणी नव्हतं.

संध्याकाळी ओजसने थोरलीचे अकरा आठवडे नव्या तक्त्याने भागून पाहिले. लॅपटॉप वळवून दाखवला. रेषा सपाट होती. पंचाहत्तरलाही सपाट. पूर्वप्रभेचा मागमूस नव्हता.

“गेली,” ओजस म्हणाला.

“हो.”

“पण मॅडम म्हणतात एवढ्यावर भागणार नाही. घळ कुंदा मॅडममुळेच आली होती हे उलट बाजूनेही दाखवायला हवं. म्हणजे पाटावर पुन्हा कुणीतरी... मी उभा राहिलो तर?”

“तुझी उंची किती?”

“एक एकोणऐंशी.”

“तुझी घळ चौसष्टला येईल. ती पंचाहत्तरला यायला हवी.” केळुसकर उठले. “पुतळा करू.”

पुतळा त्यांनीच केला. सागवानी चौकट, पाटासारखीच, बिनखिळ्याची. तिच्यात एकावर एक प्लास्टिकचे कॅन. डोक्याचा लहान, छातीचा मोठा, पोटाचा, पायांचे लांबट दोन. कॅन एकमेकांना नळ्यांनी जोडलेले. आत मीठपाणी, रक्ताइतकं खारट. शनिवारी सकाळी ओजस वही घेऊन बसला.

“उंची एकशे बावन्न. वजन किती धरू सर?”

“एकोणपन्नास.”

“शेवटपर्यंत तेवढंच होतं?”

“काट्यावर तेवढंच यायचं. चेहरा उतरला होता. पण वजन एकोणपन्नासच.”

पुतळा पाटावर उभा केला तेव्हा बिरा शेरडं सोडून जवळ आला. थोडा वेळ बघत राहिला.

“बाईंच्या मापाचा केलाय,” म्हणाला.

“मापाचाच करायचा होता.”

“न्हाई, म्हंजी खांदा बगा की. डावा जरा खाली हाय.”

केळुसकरांनी पाहिलं. चौकटीची डावी खाच थोडी खाली बसली होती. त्यांनी ती मुद्दाम केली नव्हती. दुरुस्तही केली नाही.

त्या फेरीत पंचाहत्तरला उंचवटा आला. त्या तक्त्याने थोरलीचे आकडे भागले की घळ परत येई. जवळपास तीच, जराशी उथळ. ओजसने टाळी वाजवली, मग केळुसकरांकडे बघून हात खाली घेतले.

*

बुधवारी दुपारी केंद्रावर ओजस त्यांच्या टेबलाशी आला. हातात कुंदाची माळावरची नोंदवही होती.

“सर, पाच मिनिटं? अहवालात एक गोष्ट बसत नाहीये. छोटीच आहे.”

“बस.”

“आपण नेहमी एकेचाळीस फेऱ्यांची सरासरी वापरली. मी म्हटलं, पुतळा एकेका फेरीशी वेगवेगळा लावून बघू. पहिल्या तेरा फेऱ्यांशी तंतोतंत जुळतो. चौदावीपासून जुळत नाही. उंचवटा हळूहळू वाढत गेलाय. दर फेरीला थोडा, पण वाढतोच. सरासरीत तो दडून राहिला.”

“ते माहितीय. अँटेना सरकत होती. जोड ढिले पडत होते.”

“हां, वहीत आहे तसं.” ओजसने पानं उलटली. केळुसकरांना स्वतःचं अक्षर दिसलं. ‘सोळावी फेरी. जोड तपासले. आवळले.’ ‘एकविसावी. केबल बदलली.’ ‘सत्ताविसावी. दुसरी केबल बदलली. जाळीचे टाके पुन्हा डाखले.’ त्याखाली कुंदाचं तिरपं अक्षर: ‘तरी वाढतंच आहे. हेरंब चिडलाय. अँटेनाला काय होतंय कळत नाही.’

त्या महिन्यांत ते खरोखर चिडले होते. रोज रात्री जेवताना दोघं याच्यावरच बोलत. ती ताट अर्धं ठेवून उठायची, पोट गच्च झालंय म्हणायची, आणि जाता जाता एखादा नवा जोड सुचवायची.

“मग एकोणचाळिसावीला एकदम खाली आलंय,” ओजस म्हणाला. “जवळजवळ मूळ जागी. इथे तुम्ही लिहिलंय: ‘तिसरी केबल बदलली. गुण आला.’ म्हणजे केबलच असणार. पण चाळीस-एकेचाळीसला परत थोडं वर सरकतंय. नवी केबल इतक्यात कशी बिघडेल? म्हणून मी काल पुतळ्याशीच खेळून बघितलं. डोक्याचं पाणी वाढवलं, पायांचं वाढवलं. नाही जुळत. पोटाच्या कॅनमध्ये वाढवलं तर जुळतं. नुसतं पोटात. अडतिसाव्या फेरीला किती लागलं सांगू? बरोबर चार लिटर. आता हे निव्वळ योगायोगाने...”

तो बोलत राहिला. केळुसकर वहीतली तारीख बघत होते. एकोणचाळिसावी फेरी, पाच मार्च.

आजार कळला तेव्हा, तीन मार्चला, रुग्णालयात तिच्या पोटातलं पाणी काढलं होतं. पलंगाखाली बरण्या होत्या. परिचारिकेने त्या मोजून कागदावर लिहिलं होतं: चार लिटर. कुंदा म्हणाली होती, “हलकं वाटतंय रे. परवा माळावर जाऊया. आता उभी राहीन मी.” आणि ती उभी राहिली. त्याच आठवड्यात त्यांनी तिसरी केबल घातली होती. संध्याकाळी रेषा खाली आलेली बघून दोघांना किती बरं वाटलं होतं. परतताना वाटेत थांबून त्यांनी उसाचा रस घेतला. ती म्हणाली, “शेवटी सापडलं एकदाचं.”

“सर?” ओजस म्हणाला. “कारणाच्या रकान्यात केबल लिहू ना? तसं चालेल. तपासणारे फार विचारणार नाहीत.”

केळुसकरांनी टेबलावरचं पेन उचललं, टोपण घातलं, परत ठेवलं.

“चौदावी फेरी कधीची?”

ओजसने पान काढलं. “दोन जुलै.”

“आणि तिथे स्पष्ट दिसतंय? एवढंसं असताना?”

“चौदावीला थोडं. पंधरा-सोळाला अगदी स्पष्ट. अँटेना फार चांगली आहे सर. कपभर पाण्याचा फरक कळतो तिला.”

जुलै ते मार्च. केळुसकरांनी बोटांवर मोजलं नाही. फेऱ्या दहा दिवसांच्या. पंचवीस फेऱ्या. आठ महिने. डॉक्टरांनी सहा मागितले होते.

बाहेर कुणीतरी चहाचे पेले धूत होतं. सकाळी चहा ठेवताना मनात येणारं ते वाक्य त्यांनी एकदा आठवून पाहिलं. कळायला मार्ग नव्हता. तो मार्ग दर दहा दिवसांनी त्यांच्या पुढ्यात, कागदावर येत होता. त्यांनी तो पान्याने आवळला होता.

“केबल लिहू नकोस,” ते म्हणाले. “पाणी लिही.”

“केबलमध्ये शिरलेलं?”

“कुंदाच्या पोटातलं. तीन मार्चला काढलं. चार लिटर. रुग्णालयाचा कागद देतो, तो जोड.”

ओजसचा चेहरा बदलला. त्याने वही मिटायला हात पुढे केला. केळुसकरांनी ती उघडीच धरून ठेवली.

“सर, हे अहवालात घ्यायलाच पाहिजे असं नाही. आपण नुसतं ‘कारण अज्ञात’...”

“एकदा खोटं लिहून झालंय माझं.” त्यांनी वही आपल्याकडे ओढली. सोळाव्या फेरीच्या नोंदीवर नियमाप्रमाणे एक आडवी रेघ मारली, खालचं वाचता येईल अशी, आणि शेजारी सही केली. मग एकविसाव्या नोंदीवर. मग सत्ताविसाव्या. एकोणचाळिसाव्या नोंदीपाशी हात थांबला. ‘गुण आला.’ तिच्यावरही रेघ मारली.

“चौदाव्या फेरीपासून दिसत होतं, असं लिही,” ते म्हणाले. “तारखेसकट. आणि खाली लिही, अँटेनात काही बिघाड नव्हता.”